वर्गाची ट्रिप आणि तो नकोसा दुसरा दिवस: परदेशात शिकणाऱ्यांचे प्रश्न

उन्हाळी सेमिस्टर सुरू झालं की जर्मनीतून येणाऱ्या पत्रांत एक्सकुर्सिओनचा विषय निघतोच निघतो. एक्सकुर्सिओन म्हणजे वर्गाची ट्रिप, सोबत प्रोफेसर, एखाद-दोन मुक्काम आणि परत आल्यावर रिपोर्ट. यंदा एक पत्र इतकं सविस्तर आलंय की निम्म्याहून जास्त जागा त्यालाच दिलीये, बाकीच्यांनी राग मानू नका, तुमची पण उत्तरं खाली आहेत.

प्रश्न: ताई, मी सॅक्सनीत मास्टर्स करतेय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. माझा मेन विषय वेगळाय पण जर्मन कल्चरचा एक कोर्स घेतलाय आणि त्यात जूनमध्ये वायमारची दोन मुक्कामांची ट्रिप आहे. पहिला दिवस त्यांचा थोर कवी गटे याचं घर, लायब्ररी, बाउहाउस या जुन्या डिझाइन-शाळेचं म्युझियम, आणि दुसरा अख्खा दिवस बुखेनवाल्डचा कॉन्सन्ट्रेशन कॅम्प. पहिल्या दिवसाचं काही नाही पण दुसऱ्या दिवसाचं मला खरंच टेन्शन आलंय, मी असल्या गोष्टी सिनेमात पण बघू शकत नाही, आणि खरं सांगू का, तो त्यांचा इतिहास, आपला त्याच्याशी काय संबंध असंही वाटतं (हे वर्गात बोलायची सोय नाही). शिवाय 95 युरो भरायचेत, वीकेंडचा बेकरीतला जॉब बुडणार, मी व्हेज आहे, दारू घेत नाही, जर्मन बी-वन म्हणजे मध्यम पातळीच्या आसपास आणि वर्गातले बाकीचे सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात त्यामुळे मी तिथं जाऊन कोपऱ्यात उभी राहणार हे ठरलेलंच आहे. वर प्रोफेसरांनी प्रत्येकाला तिथंच जागेवर दहा मिनिटांचं रेफराट, म्हणजे छोटं भाषण, द्यायला सांगितलंय, विषय आपणच शोधायचा. जाऊ की काहीतरी कारण सांगून टाळू?
— एक विद्यार्थिनी, सॅक्सनी

उत्तर: जा. दोन्ही दिवस जा. टाळायचं म्हटलं तर आजारपणाचं आटेस्ट, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट, लागणार, ते खोटं मिळवायच्या भानगडीत पडण्यापेक्षा खरं काय ते प्रोफेसरांना चार ओळींत कळवणं कितीतरी सोपं.

आधी दुसऱ्या दिवसाचंच बोलू, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की पैसे, जेवण, जॉब ही सगळी कारणं तू त्या एका दिवसाच्या धास्तीने गोळा केलीयेस. आता बघ, वायमार म्हणजे साधारण 65 हजार वस्तीचं गाव, आपल्या हिशोबाने तर तालुक्याचं ठिकाण. गटे 1775 मध्ये तिथं आला आणि 1832 मध्ये तिथंच वारला, त्याचा मित्र, नाटककार शिलर शेवटची वर्षं तिथं राहिला, 1919 मध्ये वॉल्टर ग्रोपिउसने बाउहाउस तिथं सुरू केलं आणि त्याच वर्षी तिथल्या थिएटरमध्ये राष्ट्रीय सभा भरून जर्मनीच्या पहिल्या प्रजासत्ताकाची घटना झाली, त्याला वायमार प्रजासत्ताक म्हणतात ते त्यामुळेच. थोडक्यात, जर्मन माणसाला स्वतःच्या देशाबद्दल जे जे मिरवावंसं वाटतं त्यातलं बरंचसं या एका गावात भरलंय. आणि तिथून आठ-दहा किलोमीटरवर एटर्सबर्ग नावाची टेकडी आहे, जिथं गटे फिरायला जायचा, आणि जिथं 1937 च्या जुलैत नाझींनी बुखेनवाल्डचा कॅम्प काढला. 1945 च्या एप्रिलपर्यंत तिथं आणि त्याच्या उपछावण्यांत मिळून सुमारे 2 लाख 80 हजार माणसं कोंडली गेली, 50 हून जास्त देशांतली, त्यातली अंदाजे 56 हजार मेली.

हे दोन दिवस असे लागोपाठ ठेवण्यामागे प्रोफेसरांचं काहीतरी डोकं आहे. पहिल्या दिवशी बाउहाउस म्युझियममध्ये ती साधी, आटोपशीर अक्षरं बघशील ना, ती नीट डोळ्यांत साठवून ठेव. दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या लोखंडी गेटवर तीन शब्द दिसतील, येडेम दास झाइने, म्हणजे ज्याला त्याला ज्याचं त्याचं. ती अक्षरं फ्रान्झ एर्लिखने काढलेली आहेत, तो बाउहाउसमध्ये शिकलेला होता आणि तिथं कैदी होता, आणि नाझींना बाउहाउसचा इतका राग असून त्यांच्या गेटवर बाउहाउसच्या वळणाची अक्षरं बसली ती याने बसवली. आणखी एक, ती अक्षरं बाहेरून उलटी दिसतात. आत उभं राहिल्यावरच सरळ वाचता येतात, रोज हजेरीला उभ्या केलेल्या माणसांनी वाचावीत म्हणून. आता मला सांग, पहिला दिवस करून दुसरा सोडलास तर तुझ्या हाती काय लागणार? खुर्च्या आणि दिवे.

तसंच गटेच्या ओकचं. टेकडीवरचं जंगल तोडून कॅम्प बांधला तेव्हा एक जुना ओक ठेवला होता, कैदी त्याला गटेचा ओक म्हणायचे, 1944 च्या ऑगस्टमधल्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. बुंधा अजून आहे तिथं. लोक त्याच्या बाजूने निघून जातात, लक्षातही येत नाही, तू थांब जरा.

राहिलं आपला काय संबंध. अगं, हे तर वायमारचे लोकही म्हणायचे. सुरुवातीची वर्षं कैद्यांना वायमारच्या स्टेशनवरच उतरवायचे आणि तिथून वर न्यायचे, गावाच्या डोळ्यांदेखत, आणि 11 एप्रिल 1945 ला कॅम्प सुटल्यावर पाचच दिवसांत अमेरिकन सैन्याने गावातल्या हजारेक लोकांना चालत टेकडीवर नेऊन सगळं दाखवलं तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांचं म्हणणं एकच, आम्हाला काही माहीत नव्हतं. तेव्हा तुझा प्रश्न मनात दाबून ठेवू नकोस, वर्गात विचार, प्रोफेसर उलट खूशच होतील, आणि तुला वाटतंय तसं कोणी डोळे वटारणार नाही.

आणि सिनेमात असतं तसं तिथं काही दाखवत नाहीत. लाकडी बराकी आता नाहीत, त्यांच्या जागा नुसत्या खडी टाकून आखून ठेवल्यात, त्यामुळे समोर दिसतो तो एक मोठा मोकळा उतार, दगड आणि वारा. वारा मात्र जबरदस्त, गावात टी-शर्टवर फिरलीस तरी वर जॅकेट लागणार, आणि बूट जाड सोलचे घाल, सगळी खडीच आहे. गेटवरचं घड्याळ कायम सव्वातीनवर आहे, कॅम्प सुटल्याची वेळ. हजेरीच्या मैदानात जमिनीलगत एक धातूची प्लेट बसवलीये, 1995 मध्ये केलेली, ती बारा महिने 37 अंशांवर ठेवतात, माणसाच्या अंगाइतकी गरम. थंडीत आजूबाजूला बर्फ असतो आणि प्लेटवर टिकत नाही. लोक गुडघ्यावर बसून हात लावतात, तूही लाव. जुन्या कोठाराच्या इमारतीत मोठं प्रदर्शन आहे, तिथं मात्र फोटो आणि वस्तू आहेत, वाचायला खूप, तिथं तुझ्या सोयीने फिर. क्रिमेटोरियमची इमारत उभी आहे, तिच्यात जायचं नसेल तर बाहेर थांब, प्रत्येक ग्रुपमध्ये दोन-तीन जण थांबतातच आणि कोणी का म्हणून विचारत नाही. हेच आधी प्रोफेसरांना ईमेलमध्ये लिहून टाक, की मी येतेय पण काही भागांत मला बाहेर थांबावं लागेल असं वाटतं. एवढं पुरतं. आणि संध्याकाळी एकटी रूमवर बसू नकोस, त्या दिवशी कोणाशी तरी बोललेलं बरं असतं, भले विषय बसच्या टायमिंगचा असो.

फोटो काढायला हरकत नाही, पण स्वतःचा चेहरा मध्ये घालून नको. रील वगैरे तर नकोच नको. आणि आपल्याकडे कडक मास्तरला सरळ हिटलर म्हणायची सवय आहे ना, ती लाइपझिगच्या स्टेशनवरच सोडून ये. जर्मन मुलं यावर हसत नाहीत, आणि मला वाटतं बरोबर करतात.

रेफराटचा विषय. हा तर तुझ्या हातातच आहे, फक्त दिसत नाहीये. शाकुंतल! विल्यम जोन्सने 1789 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने 1791 मध्ये जर्मन केलं, आणि ते वाचून गटे एवढा खूश झाला की त्याने शकुंतलेवर चार ओळींची कविताच करून टाकली. आता गंमत बघ, त्याच 1791 मध्ये गटेने वायमारच्या दरबारी थिएटरची सूत्रं हातात घेतली, आणि 1817 पर्यंत ते चालवलं. पुढे त्याच्या फाउस्ट या नाटकाच्या सुरुवातीला नाटक सुरू होण्याआधी थिएटरचा मालक, कवी आणि विदूषक यांची आपसात चर्चा आहे, आणि तिचा धागा शाकुंतलातल्या सूत्रधार-नटीच्या संवादाकडे जातो असं अभ्यासक बऱ्याच काळापासून म्हणत आलेत. दहा मिनिटांना हे भरपूर झालं, आणि जागाही आयतीच आहे, थिएटरसमोर, जिथं गटे आणि शिलरचा 1857 चा तो जोडपुतळा उभा आहे. आत्ताची थिएटरची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे बरं का, गटेच्या वेळची नाही, हे आधीच सांगून टाक म्हणजे कोणी मध्ये हात वर करणार नाही.

एकच विनंती, ते आपणच त्यांना सगळं शिकवलं या सुरात नको. मला त्याचा फार कंटाळा आहे. संस्कृतचं इंग्रजी, इंग्रजीचं जर्मन, असा वळसा घेऊन आलेलं नाटक एका माणसाला एवढं का भिडलं हा प्रश्न जास्त रंगतदार आहे, तो विचारून सोडून दे. उघड्यावर बोलायचं म्हणजे भिंतीकडे पाठ, तोंड ग्रुपकडे, मोबाईलवरून वाचायचं नाही, हातात एक कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत सहा-सात शब्द. बी-वन जर्मनला लहान वाक्यं बोल, चूक झाली तर झाली, ट्राम आली की गप्प बसायचं आणि ट्राम गेली की परत सुरू. अरे हो, वायमारला ट्राम नाहीच, बस आहेत, पण मुद्दा कळला तुला.

पैशांचं. 95 युरोत मुक्काम, नाश्ता आणि तिकिटं सगळं येतंय का ते लेखी विचार, कारण कधीकधी प्रवास वेगळा असतो. तुझ्याकडे सेमिस्टर तिकीट जर्मनीभर चालणारं असेल तर वायमारपर्यंत रिजनल ट्रेनने फुकटात जाशील, फक्त आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही, ग्रुप आयसीईने जाणार असेल तर तू आधीच्या रिजनलने पुढे जाऊन स्टेशनवर भेट, त्यात कमीपणा काही नाही, जर्मन मुलंही हेच करतात. बुखेनवाल्डला प्रवेश मोफत आहे आणि गावाच्या स्टेशनवरून वर सिटी बस जाते. तरीही परवडत नसेल तर विभागाच्या सेक्रेटरीला विचार, बऱ्याच ठिकाणी अशा ट्रिपसाठी थोडाफार फंड असतो किंवा स्टुडंट कौन्सिलकडे अर्ज करता येतो, पण मुदतीच्या आत. ट्रिप झाल्यावर विचारलंस तर कोणी उभं करणार नाही. बेकरीत आजच सांग. शिफ्ट बदलून घे, तारखा लेखी दे, विषय संपला.

जेवणाचं जरा नीट ऐक. वायमार ज्या राज्यात आहे ते थुरिंगिया म्हणजे ब्राटवुर्स्टचा, भाजलेल्या सॉसेजचा मुलूख, चौकाचौकात कोळशावर भाजत असतात. तिथले क्लोसे, म्हणजे बटाट्याचे मोठे गोळे, कच्चा किसलेला आणि उकडलेला बटाटा एकत्र करून करतात, आत तळलेल्या पावाचे तुकडे, ते स्वतः व्हेज असतात पण त्यावर ओततात ती सोसं, म्हणजे ग्रेव्ही, मांसाच्या रसाची. म्हणून नुसतं व्हेज आहे का विचारून भागत नाही, सोसं कशाची ते विचार. बटाट्याच्या सूपमध्ये आणि सॅलडमध्ये बेकनचे बारीक तुकडे असतात आणि बऱ्याच जणांच्या मते ते मांस नसतंच, त्यामुळे त्याचं नाव घेऊन विचार. युथ होस्टेलचं रात्रीचं जेवण थंड असू शकतं, पाव, चीज, काकडी-टोमॅटो. पोट भरतं पण गरम खायची सवय असेल तर त्रास होतो, जवळ मॅगीचं पाकीट किंवा चिवडा असू दे. बुकिंगच्या वेळीच व्हेज म्हणून नाव दिलंस तर किचनवाले वेगळं काढून ठेवतात, आयत्या वेळी सांगितलं तर चीज-पाव.

दारूचं तू जितकं मनात घेतलंयस तितकं तिथं कोणी घेत नाही. आपफेलशोर्ले मागव, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, तुझ्या ग्लासात काय आहे ते बघायला कोणाला वेळ नसतो. पण बसायला जा. संध्याकाळी सगळे कुठंतरी जाऊन बसतात तिथंच ओळखी होतात, म्युझियममध्ये नाही होत. आणि कोपऱ्यात उभी राहणार म्हणतेस, तर जाताना ट्रेनमध्ये रिकाम्या सीटवर एकटी बसण्याऐवजी चौघांच्या टेबलाशी बस, आणि ज्याचं रेफराट दुसऱ्या दिवशी आहे त्याला विषय विचार. घाबरलेला माणूस तासभर बोलतो.

प्रश्न: माझ्या गळ्यात आजीने दिलेलं स्वस्तिकाचं छोटं सोन्याचं पेंडंट असतं, कधीच काढत नाही. आमच्या वर्गाचीही अशीच मेमोरियलची व्हिजिट आहे. आपलं स्वस्तिक वेगळं आहे हे समजावून सांगितलं तर चालेल ना? — एक वाचक, नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालिया

उत्तर: त्या दिवशी काढून रूमवर ठेव. शर्टाच्या आतही नको, वाकलीस की बाहेर येतं. जर्मन फौजदारी कायद्यात कलम 86-अ आहे, त्यात नाझी संघटनांची चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवण्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हा कायदा काही देवघरातल्या स्वस्तिकासाठी केलेला नाही, आणि तुझं पेंडंट बघून तुला कोणी तुरुंगात टाकणार असंही नाही. पण ज्यांचे आजोबा तिथं मेले अशी माणसं त्या मेमोरियलला येतात, तुझ्यापासून दहा फुटांवर उभ्या असलेल्या त्या माणसाला तू काय समजावणार, आणि कधी? समजावायची संधीच मिळत नाही, त्याला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. एरवी रोजच्या वापरात काय करायचं ते तुझं तू ठरव, माझ्या ओळखीचे बहुतेक जण ओम किंवा गणपती घालतात आणि स्वस्तिक घरात ठेवतात. लॅपटॉपच्या बॅगेवर, नारळावर, पत्रिकेवर काढलेलं असेल तर तेही होस्टेलवर न्यायचं नाही.

याच कलमाखाली तो हात वर करण्याचा सलामही येतो, गंमत म्हणून केला तरी. 2017 मध्ये बर्लिनला संसदेच्या इमारतीसमोर दोन चिनी पर्यटकांनी तसे फोटो काढले, पोलिसांनी जागेवर धरलं आणि प्रत्येकी 500 युरोंच्या जामिनावर सोडलं. ग्रुपमध्ये एखादा मित्र असा अतिउत्साही असेल तर त्याला आधीच तंबी द्या.

प्रश्न: माझी मुलगी 19 वर्षांची आहे, बॅचलर्सच्या पहिल्या वर्षाला जर्मनीत आहे. आता वर्गाबरोबर तीन रात्री युथ होस्टेलला जाणार म्हणते, मुलं-मुली सगळे एकत्र. मागच्या वेळी एका दिवसाच्या ट्रिपला गेली तर रात्री अकरापर्यंत फोन लागला नाही, माझा जीव टांगणीला. तिला जाऊ द्यावं का, आणि तिथं लक्ष कोण ठेवतं? — एक आई

उत्तर: ताई, काळजी कळतेय, पण जाऊ द्यायचं की नाही हा प्रश्न आता तुमच्या हातात राहिलेला नाही, ती तिथल्या कायद्याने सज्ञान आहे आणि प्रोफेसर पालकांची सही मागणार नाहीत. शाळेच्या सहलीत बाई रात्री दारं वाजवून मुलं मोजतात तसं युनिव्हर्सिटीत कोणी करत नाही. प्रोफेसर कार्यक्रमाला जबाबदार, रात्री कोण कुठं याला नाही. हे ऐकून धक्का बसेल पण आधीच माहीत असलेलं बरं.

खोल्या मात्र सहसा मुलांच्या वेगळ्या आणि मुलींच्या वेगळ्या देतात, चार किंवा सहा जणींची खोली, बंक बेड. तिला याबद्दल अडचण असेल तर बुकिंग करणाऱ्याला तिने स्वतः लिहावं, तुम्ही नाही. चादरी होस्टेल देतं, पण बेड आपला आपण घालायचा आणि निघताना काढून ठेवायचा, टॉवेल घरून न्यायचा, रात्री 10 नंतर शांतता.

फोनचं असं करा, तिच्याकडून होस्टेलचं नाव, पत्ता आणि रोजचा कार्यक्रम आधी घ्या, आणि दिवसातून एक मेसेज एवढंच ठरवा, वेळ तिने ठरवायची. उन्हाळ्यात तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात आणि थंडीत साडेचार, तिचे रात्रीचे आठ म्हणजे तुमचे साडेअकरा, त्यामुळे फोन उशिरा येतोय असं वाटतं पण तिची संध्याकाळ नुकती सुरू झालेली असते. म्युझियममध्ये आणि मेमोरियलला फोन बंदच असतो. हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड आणि रेसिडेन्स परमिट सोबत असू दे, पासपोर्टही, कारण हॉटेल-होस्टेलला चेक-इन करताना परदेशी लोकांना अजूनही नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो, 2025 पासून तो फक्त जर्मन नागरिकांना माफ झालाय. इमर्जन्सीचा नंबर 112, तो तिला ठाऊक असेलच.

एक आगाऊपणा करून सांगते, दर तासाला फोन केलात तर ती उचलेल, पण तुम्हाला काही सांगायची बंद होईल.

प्रश्न: ट्रिप झाली, मजा आली, आता सहा पानांचा रिपोर्ट द्यायचाय. मी सुरुवात केली तर सकाळी 7:40 ला निघालो, मग हे बघितलं, मग ते बघितलं असंच होतंय. एआयकडून लिहून घेतलं तर पकडतील का? — एक विद्यार्थी, हेसन

उत्तर: पकडतील की नाही यापेक्षा तो रिपोर्ट इतका गुळगुळीत येईल की वाचणाऱ्याला तू तिथं गेला होतास की नाही हेच कळणार नाही, आणि मार्क त्याचेच असतात. शिवाय बऱ्याच युनिव्हर्सिटींत आता रिपोर्टसोबत काय मदत घेतली याची सही करून द्यावी लागते, तो मजकूर वाच आधी.

वेळापत्रक काढून टाक सगळं. एक वस्तू किंवा एक खोली निवड आणि सहा पानं तिच्यावरच लिही. तू कुठं गेला होतास ते लिहिलेलं नाहीस, म्हणून वरच्या वायमारचंच उदाहरण घेते. गटेच्या घरात वरच्या मजल्यावर शिरताना उंबऱ्याशी जमिनीत साल्वे असं जडवलंय, लॅटिनमध्ये या, स्वागत आहे, आणि पुढच्या खोल्या रंगीत, पुतळ्यांनी भरलेल्या, पाहुण्यांसाठी. आणि मागच्या बाजूला त्याची कामाची खोली, साधी लाकडी टेबलं, गादीची खुर्ची नाही, आणि तिला लागून चिमुकली झोपायची खोली, जिथं तो वारला. हा पुढचा-मागचा फरक धरलास तरी रिपोर्ट उभा राहतो. बघितलेलं काय, वाचलेलं काय आणि तुला वाटलेलं काय हे तीन वेगळे ठेव, जर्मन प्रोफेसर यावर फार काटेकोर असतात.

किंवा वायमारचीच आना अमालिया लायब्ररी. 2 सप्टेंबर 2004 च्या रात्री तिला आग लागली, सुमारे 50 हजार पुस्तकं जळून गेली, आणखी 60 हजारांच्या वर आगीने आणि पाण्याने खराब झाली, लोकांनी साखळी करून हातोहात पुस्तकं बाहेर काढली, आणि लायब्ररीच्या संचालकाने स्वतः आत जाऊन 1534 चं लुथर बायबल, म्हणजे मार्टिन लुथरने जर्मनमध्ये केलेलं बायबल, बाहेर आणलं. 2007 मध्ये इमारत परत उघडली, पण जळकी पानं एकेक करून दुरुस्त करायचं काम त्यानंतरही वर्षानुवर्षं चाललं. सगळे तिथल्या सुंदर पांढऱ्या-सोनेरी हॉलचं वर्णन करतात. तू जळलेल्या पानाचं कर, काय काळं झालंय, कडा कुठपर्यंत गेल्यात, मधली छपाई कशी वाचता येते. एक पान तर त्यातच जाईल.

प्रश्न: आमची ट्रिप प्रागला आहे, आणि पुढच्या सेमिस्टरला लंडन असं म्हणतात. वेगळा व्हिसा लागतो का? — एक वाचक, बव्हेरिया

उत्तर: प्रागला नाही. जर्मनीचं चालू रेसिडेन्स परमिट आणि चालू पासपोर्ट असेल तर शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं, चेक रिपब्लिक त्यात आहे. दोन्ही मूळ कागद जवळ हवेत, मोबाईलमधला फोटो चालत नाही, बसमध्ये तपासणी होऊ शकते. परमिटची मुदत ट्रिपच्या आसपास संपत असेल तर आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसला लिही, तिथली अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात. लंडनला मात्र वेगळा यूकेचा व्हिसा लागतो, जर्मन परमिटचा तिथं उपयोग नाही, पैसे पण बरेच लागतात, तेव्हा विभागाकडून ट्रिपच्या तारखांचं पत्र आत्ताच मागून ठेव.